न दिसणारं पाणी

रात्रीचे दोन वाजले की मामा घराबाहेर पडत. हातात चार फुटी लोखंडी सळई, खिशात बॅटरी. जळगाव रस्त्यावरच्या ट्रकची वर्दळ त्या वेळी थोडी निवायची आणि हर्सूल गाव झोपलेलं असायचं. मामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसत, सळईचं एक टोक खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवत, दुसरं कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. मी सहावीत असताना हट्ट करून एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांनी सळई माझ्या कानाला लावली. "ऐक. नुसतं वाहणारं पाणी घुमतं. गळणारं पाणी फुसफुसतं." पहिल्या दोन व्हॉल्व्हवर मला काहीच कळलं नाही. तिसऱ्यावर मात्र ऐकू आलं, दातांवर दात ठेवून कुणी श्वास सोडावा तसं. मामांनी खडूने रस्त्यावर फुली मारली. सकाळी माणसांनी तिथे कुदळ घातली, तर दीड हातावर चिखलातून पाणी उसळत होतं.

मामा पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. शिक्षण जेमतेम, पण जमिनीखालच्या नळांचा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कुणालाच तो तसा दिसत नाही.

हर्सूलच्या मातीला हे न दिसणारं पाणी नवं नाही. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबराने इथल्याच खोऱ्यातलं जमिनीत मुरलेलं पाणी दगडी बोगद्यांमधून आणि खापरी नळांमधून आपल्या नव्या शहरात नेलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला हा माणूस. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. 'नहर-ए-अंबरी' म्हणून ओळखली जाणारी ती नहर जमिनीखालून, उताराच्या हिशेबाने वाहायची. वर दिसायचे ते फक्त हवेसाठी आणि दाब सांभाळण्यासाठी उभारलेले मनोरे. सगळी करामत पोटात होती. पुढे पाणचक्कीलाही पाणी आलं ते असंच, जमिनीखालच्या नळातून.

वयाच्या साठीत मामांची नजर गेली. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, त्यामुळे माणूस चौकटीला धडकतो, ताटाबाहेर आमटी वाढतो आणि वय झालं म्हणून सोडून देतो. समोरचंही अंधुक होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. मामांचं असंच झालं. त्यानंतर घरात एक वाक्य सारखं ऐकू येऊ लागलं, "मामा, तुम्ही बसा." प्रेमाने म्हटलेलं. चहा कुणी आणायचा, पेपर कुणी वाचायचा, बिल कुणी भरायचं, सगळं ठरलं; मामांनी काय करायचं ते तेवढं कुणी ठरवलं नाही.

त्या दिवसांत मी एका माणसाबद्दल वाचायला लागलो. त्याचीही नजर काचबिंदूनेच गेली होती, फक्त त्याचं वय तेव्हा १४ होतं.

पुण्याचा मुलगा

टी. व्ही. रामन यांचा जन्म ४ मे १९६५ चा, पुण्यातला. लहानपणी एका डोळ्याने थोडंफार दिसायचं. चौदाव्या वर्षी तेही बंद झालं. मुलाला गणिताचं वेड. दहावीनंतर दृष्टिहीन मुलांना विज्ञान-गणितापासून लांब ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. आकृत्या कशा काढणार, आलेख कसे बघणार, सूत्रं कशी वाचणार, असे प्रश्न विचारले जातात आणि उत्तराची वाट न बघता अर्ज बाजूला ठेवला जातो. रामन यांनी वाट वाकडी केली नाही. भावाने, शिक्षकांनी, वाचक म्हणून मदतीला आलेल्यांनी पुस्तकं मोठ्याने वाचली. त्यांनी ती ऐकली आणि डोक्यात मांडली. ब्रेलच्या खुणा केलेला रुबिक क्यूब ते बोटांनी चाचपत झटक्यात सोडवत. सहा बाजू, चोपन्न चौकोन, प्रत्येक फिरवणीनंतर बदलणारी सगळी मांडणी, आणि ती धरून ठेवायला फक्त बोटं आणि स्मरण.

नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते पवईला आयआयटी मुंबईत गणित आणि संगणकशास्त्र शिकायला गेले. तिथल्या शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पात त्यांच्या पुढच्या आयुष्याचं बी आहे. 'काँग्रॅट्स' नावाचा तो प्रोग्राम गणितातली वक्ररेषा ऐकवायचा. रेषा वर चढली की स्वर चढायचा, खाली आली की उतरायचा. पॅराबोला कसा असतो हे फळ्यावर बघून आपल्याला कळतं. तो ऐकला तर स्वर खाली येतो, तळाशी क्षणभर रेंगाळतो आणि पुन्हा चढतो. डोळ्यांनी पाहिलेला आकार आणि कानांनी ऐकलेला आकार, दोन्ही एकाच समीकरणाची लेकरं आहेत.

एक वाक्य, दोन उत्तरं

आयआयटीनंतर रामन अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीला गेले. तिथे त्यांच्यापुढे उभी राहिलेली अडचण मराठी वाचकाला एका ओळीत कळेल. ही ओळ कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा: "अ अधिक ब भागिले क."

अ म्हणजे ६, ब म्हणजे ४, क म्हणजे २ धरा. भागाकाराची रेघ 'अ अधिक ब' या दोन्हींच्या खाली असेल तर उत्तर ५. ती फक्त 'ब'च्या खाली असेल तर उत्तर ८. कागदावर रेघेची लांबी बघून आपल्याला क्षणात कळतं. कानाला मात्र दोन्ही सारखंच ऐकू येतं. आता अर्धं पान भरणारं, मुळाच्या आत अपूर्णांक आणि अपूर्णांकाच्या आत घातांक असलेलं सूत्र घ्या. वाचणारा कितीही मायेने वाचत असला तरी ऐकणाऱ्याच्या हाती शब्दांची माळ लागते, रचना लागत नाही. कागद वाचणारा मध्येच थांबून मागे जातो, नुसता छेद पुन्हा बघतो. ध्वनिफीत एका दिशेने पळत राहते.

रामन यांनी नेमकी जागा हेरली. गणिताचे लेखक आपलं लिखाण 'लेटेक' या पद्धतीत लिहीत होते. तिच्यात छपाईसाठी संगणकाला स्पष्ट सांगावं लागतं की हा अपूर्णांक, हा त्याचा अंश, हा छेद. म्हणजे रचना लेखकाने आधीच लिहून ठेवलेली असते. छापताना ती रेघांमध्ये आणि लहान-मोठ्या अक्षरांमध्ये बदलते, आणि मग डोळसांना डोळ्यांनी तीच रचना पुन्हा शोधावी लागते. रामन यांनी छापील पानाचा पिच्छा सोडला आणि थेट मुळाशी गेले. तिथून त्यांनी आवाजाची वेगळी छपाई उभी केली. घातांक आला की आवाज वर जातो, खालचा निर्देशांक आला की उतरतो. गुंतागुंतीचा तुकडा आला तर त्याला आधी नुसतं नाव देऊन पूर्ण सूत्राचा सांगाडा ऐकवता येतो, तुकडा नंतर उघडता येतो. ऐकणारा सूत्रात हवा तिथे हिंडू शकतो. छेदच पुन्हा ऐकायचा आहे, मग छेदच ऐकायचा.

या प्रणालीचं नाव 'ॲस्टर'. तांत्रिक लिखाण ऐकवणारी प्रणाली, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं, आणि रामन यांच्या वाटाड्या लॅब्राडॉर कुत्रीचंही तेच नाव. जिने त्यांना रस्ते दाखवले तिचं नाव सूत्रांमधून वाट काढणाऱ्या यंत्राला मिळालं. १९९४ च्या या प्रबंधाला संगणकशास्त्रातल्या सर्वोत्कृष्ट डॉक्टरेट प्रबंधाचा एसीएम पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार दृष्टिहीनांसाठी राखीव नाही. तो त्या वर्षीच्या सगळ्या संशोधकांमधून दिला जातो.

भिंतीवरचं कॅलेंडर

मला रामन यांच्या कामातला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्यांनीच लिहिलेला एक साधा दाखला, कॅलेंडरचा.

आपल्या घरात भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असतं. आपण एका तारखेच्या चौकोनावर नजर टाकतो आणि गुरुवार आहे हे आपोआप कळतं, कारण तो चौकोन गुरुवारच्या रांगेत असतो. 'गुरुवार' हा शब्द त्या चौकोनात कुठेच लिहिलेला नसतो. तो जागेत दडलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर असंच कॅलेंडर असताना त्या काळचे वाचक-प्रोग्राम काय करत? पडद्यावर जे छापलंय ते डावीकडून उजवीकडे वाचत सुटत. "एक, दोन, तीन, चार..." पडदा वाचला जायचा, वार कळायचा नाही.

रामन म्हणाले, पडदा वाचूच नका. मुळात प्रोग्रामला ठाऊक आहे की ही तारीख अमुक वाराची, अमुक महिन्याची आहे. त्यालाच बोलू द्या. तो सरळ वार, महिना आणि तारीख सांगेल. या विचारावर त्यांनी 'इमॅक्सस्पीक' लिहिलं आणि एप्रिल १९९५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ईमेल, प्रोग्राम लिहिणं, फायली चाळणं, सगळं बोलून सांगणारा हा ध्वनीचा डेस्कटॉप. तो त्यांनी स्वतःसाठी बनवला, रोज स्वतः वापरला आणि वर्षानुवर्षं सुधारत राहिले.

इथे मला त्यांच्या जिद्दीचा खरा पोत कळला. आपल्याला जिद्द म्हणजे अडथळ्याला टक्कर देणं एवढंच ठाऊक असतं. रामन यांनी अडथळा कुठे आहे तेच आधी नीट तपासलं. दृष्टिहीन माणसाला पडदा दिसत नाही, हा प्रश्न सगळ्यांनी मांडला होता. माहिती एकाच रूपात, दिसणाऱ्या रूपात कोंडून ठेवली आहे, हा प्रश्न त्यांनी मांडला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दया असतं. दुसऱ्याचं उत्तर अभियांत्रिकी असतं.

जुने सोबती

या वाटेने रामन यांच्या आधीही माणसं गेली होती. यॉर्कशरमधल्या नेअर्सबरो गावी १७१७ मध्ये जन्मलेला जॉन मेटकाफ सहाव्या वर्षी देवीच्या रोगाने आंधळा झाला. तो व्हायोलिन वाजवायचा, पोहायचा, घोड्यावर बसायचा. जिच्यावर जीव होता तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलं, तेव्हा लग्नाच्या आदल्या रात्री तिला घेऊन पळाला. १७६५ मध्ये त्याने तीन मैल रस्त्याचं कंत्राट मिळवलं आणि पुढच्या आयुष्यात सुमारे १८० मैलांचे रस्ते बांधले. लांब काठी टेकत तो जमीन पायांनी वाचायचा. दलदलीवरून रस्ता न्यायचा होता तेव्हा बाकीच्यांना वाटलं, तळाशी घट्ट जमीन लागेपर्यंत खणावं. मेटकाफने रानझुडपांच्या जुड्या बांधून त्या दलदलीवर अंथरल्या आणि वर दगड-खडी पसरली. रस्ता तरंगला आणि टिकला. ९२ वर्षं जगून तो १८१० मध्ये गेला.

दुसरा राल्फ टीटर, अमेरिकेतल्या इंडियानाचा. जन्म १८९०. पाचव्या वर्षी चाकूच्या अपघाताने दृष्टी गेली. १९१२ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातून तो यंत्र-अभियंता होऊन बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या जहाजांवरच्या टर्बाइनचे रोटर समतोल करण्याचं अवघड काम त्याने केलं. कंप कुठून येतो ते त्याची बोटं सांगायची. पुढे तो मोटार अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेचा अध्यक्ष झाला. एकदा तो आपल्या वकिलाच्या गाडीत बसला होता. वकील बोलायला लागला की गाडी मंदावायची, ऐकायला लागला की पळायची. डोळे असलेल्या प्रवाशाने खिडकीबाहेर बघून तो त्रास विसरला असता. टीटरला प्रत्येक हिसका अंगावर जाणवला. त्यातून वेग एकसारखा ठेवणारं यंत्र सुचलं, १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये ते क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये बसलं. आज समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावून पाय मोकळा सोडणाऱ्या चालकाला ही सोय एका दृष्टिहीन माणसाने दिली, हे ठाऊक असायला हवं.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. दिसत नाही म्हणून त्यांचं काम डोळसांपेक्षा थोडं कमी पण कौतुकास्पद ठरलं, असं नाही. दिसत नाही म्हणूनच त्यांना अशी गोष्ट कळली जी इतरांच्या नजरेखालून निसटली होती.

गुळगुळीत काच

२००५ मध्ये रामन गूगलमध्ये रुजू झाले. काही वर्षांतच जगाच्या हातात बटणं नसलेले फोन आले. जुन्या फोनवर पाचच्या बटणावर छोटा उंचवटा असायचा, त्यावरून बोटांना बाकीचे अंक सापडायचे. आता सगळी काच गुळगुळीत. दृष्टिहीनांच्या हातातला फोन जणू काढूनच घेतला गेला.

रामन आणि त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स चेन यांनी शोधलेलं उत्तर इतकं सोपं आहे की ऐकल्यावर आपल्याला का सुचलं नाही असं वाटावं. आकड्याची जागा बोटाने शोधायची, हे उलटं करा. बोट काचेवर जिथे टेकेल तिथे पाच. तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा, कोपऱ्यांकडे बाकीचे. चुकलं तर फोन हलवायचा आणि पुन्हा टेकवायचं. माणसाने यंत्राच्या जागेवर जायचं नाही, यंत्राने माणसाच्या बोटाखाली यायचं. न बघता फोन वापरता यावा यासाठीच्या याच प्रकल्पातून २००९ मध्ये अँड्रॉइड फोनवर 'टॉकबॅक' आलं. त्याच वर्षी आयफोनही बोलू लागला. आज स्वस्तातल्या स्वस्त अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक सापडतं, आणि ते मराठीत बोलतं.

मामांच्या फोनवर ते सुरू करण्याआधी मी स्वतः शिकायचं ठरवलं. एका संध्याकाळी हर्सूल तलावाच्या काठावर बसलो, टॉकबॅक सुरू केलं आणि डोळे मिटले. पहिली पाच मिनिटं जीव नुसता घाबरला. बोट टेकलं की फोन काहीतरी बोले, दोनदा टॅप केलं की काहीतरी उघडे, परत कसं यायचं ते कळेना. दोनदा मी डोळे उघडले. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मी अजून काचेवरची चित्रं आठवत होतो, जागा शोधत होतो. ते सोडून बोट नुसतं उजवीकडे सरकवत गेलो तर एकामागून एक गोष्ट समोर येत होती: घड्याळ, संदेश, फोन, कॅमेरा. पडदा विसरला आणि रांग सापडली. बाजूला सांडव्याकडून पाण्याचा आवाज येत होता. मला सळई आठवली.

"चित्र नको, लिहून टाक"

मामांना फोन शिकवायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी तो दोनदा दिवाणावर आपटला. "ही बाई फार भरभर बोलते," म्हणाले. वेग कमी केला. महिन्याभराने त्यांनीच तो वाढवून घेतला. सरावलेले दृष्टिहीन लोक इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला ती नुसती कुजबुज वाटते. कानही वाचायला शिकतो.

मग खरे अडथळे दिसू लागले, आणि त्यातला एकही मामांच्या डोळ्यांत नव्हता. एका कार्यालयाच्या ॲपमध्ये बटणांना नावंच दिलेली नव्हती, त्यामुळे फोन प्रत्येक बटणावर नुसतं "बटण, बटण" म्हणे. दुसऱ्या एका ठिकाणी वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र बघून टाइप करायचं होतं, माणूस असल्याचा पुरावा म्हणून. तिसऱ्या ठिकाणी ओळख पटवण्यासाठी चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून डोळ्यांची उघडझाप करायची होती. मामा आपल्या पैशांसाठी काउंटरवर गेले तर "घरातल्या कुणाला तरी घेऊन या" असं उत्तर मिळालं. ज्या माणसाने अर्धं शहर झोपलेलं असताना त्याचं पाणी राखलं, त्याला स्वतःच्या पैशांसाठी सोबती आणायला सांगितलं गेलं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा रूपात देणं बंधनकारक केलं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ग्राहकाची ओळख पटवण्याच्या या डिजिटल पद्धती दृष्टिहीनांना व ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांना वापरता येतील अशा बदलायला सांगितल्या. पण निकालातून बटणाला नाव मिळत नाही. ते नाव कुणीतरी प्रोग्राम लिहिणाऱ्याने द्यावं लागतं. मिनिटभराचं काम असतं. संभाजीनगरच्या, पुण्याच्या, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे: आपण बनवलेली वस्तू डोळे मिटून एकदा चालवून बघा. पुण्याच्या त्या मुलाचं ऋण फेडायची याहून सोपी रीत नाही.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कोणत्या भागाला कधी येणार हे गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर कळतं. गट चालवणारा शेजारचा मुलगा वेळापत्रकाचा फोटो टाकायचा. मामांचा फोन त्यावर एकच शब्द बोलायचा, "फोटो." पाण्याची बातमी पाण्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाच कळत नव्हती. दोन वेळा मामा गप्प बसले. तिसऱ्या वेळी काठी टेकत त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बाळा, चित्र नको टाकू. लिहून टाक."

"मामा, मी येऊन सांगत जाईन ना तुम्हाला."

"सांगू नको. लिही. मी वाचतो."

आता तो लिहितो. फोटो बघायला चष्मा शोधावा लागणाऱ्या आजीही खूश आहेत. परवा रात्री ओट्यावर बसलो होतो. मामांच्या खिशात फोन बोलला. त्यांनी तो कानाशी नेला, मग घराकडे तोंड करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पहाटे पाचला पाणी आहे. पिंपं धुऊन ठेवा."

दारं उघडली, बादल्या वाजल्या. मामी आतून म्हणाली, "तुम्ही बसा, मी ठेवते." मामा उठले होते. भिंतीला हात लावत ते नळापाशी गेले, तोटीवर कान टेकवला आणि आम्हाला गप्प राहायची खूण केली.